चिरुटांचं बाळंतपण

पेटी घरात आली तेव्हा सार्थकचा वरणभात चालू होता. म्हणजे अर्धा त्याच्या पोटात, पाव भिंतीवर आणि उरलेला राजेश्वरीच्या कोपरावर. युवराज चपला न काढताच दारात उभा होता. गौरी आणाव्यात तशी दोन्ही हातांवर ती पेटी धरून तो उंबऱ्यावर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेबांनी दिलीय. सांभाळायला."

"काय आहे तिच्यात?"

"सिगार."

राजेश्वरीनं आधी सार्थकला उचललं, मग पेटीकडं पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडं. हा क्रम तिनं पुढं महिनाभर मोडला नाही.

"ती आत येणार नाही."

"अगं, पेटवायचे नाहीत. नुसते ठेवायचेत."

"चपलाही नुसत्याच ठेवायच्या असतात. त्या बाहेरच असतात ना? काढा आधी."

युवराज बारामतीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्स मॅनेजर होता आणि विजयसिंह साहेब त्या शोरूमचे मालक. सहा दिवस रोटाव्हेटर, हप्ते आणि सबसिडी यांवर घसा कोरडा करणारा हा माणूस सातव्या दिवशी डाळजच्या फार्महाऊसवर उजनीच्या पाण्याकडं तोंड करून सिगार ओढत बसायचा. एकट्यानं बसण्यात मजा नाही म्हणून त्यांनी चारपाच जणांचं मंडळ जमवलं होतं, आणि नोकरीचा भाग म्हणून युवराजला हा शौक लागला होता. पहिल्याच रविवारी त्यानं सिगार बिडीसारखा छातीभरून ओढला. त्याचा धूर गिळायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आपण तासभर पाण्याकाठी रोहित पक्षी बघत होतो असं तो सांगतो. रोहित पक्षी त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उडाले, एवढं मात्र खरं.

पण चिकाटीचा माणूस. तिसऱ्या रविवारपर्यंत तो धुरात चामडं, कॉफी, मिरी आणि ओलं लाकूड असे स्वाद ओळखायला लागला. "एवढं सगळं एका सिगारमध्ये असतं," तो कौतुकानं म्हणाला. "मार्केट यार्डात वेगवेगळं मिळतं की," राजेश्वरी म्हणाली.

तर आता साहेब महिनाभर लेकीकडं ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि जाताना त्यांनी दोन पेट्या वाटल्या होत्या. एक युवराजला आणि एक शोरूममधल्याच अविराजला. दोघंही इंदापूरला निघणाऱ्या नव्या शाखेच्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. "ज्याला सिगार सांभाळता येतो, त्याला शाखा सांभाळता येते," असं साहेब म्हणाले होते. असलं तर्कशास्त्र फक्त मालकाला परवडतं. आपण बोललो असतो तर लोकांनी डॉक्टरकडं नेलं असतं.

इंदापूरचं नाव ऐकल्यावर मात्र राजेश्वरीनं पेटीकडं दुसऱ्यांदा पाहिलं. इंदापूर म्हणजे तिचं माहेर. आईचं घर तिथं, आणि सार्थक झाल्यापासून राजेश्वरीला जगात हवं असलेलं सगळं त्या एका घरात होतं: कुणीतरी तासभर मूल घेईल आणि ती डोळे मिटेल. बारामतीच्या फ्लॅटमध्ये ती एकटी होती आणि डोळे मिटणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सार्थक शिंकला की ती उठायची आणि शिंकला नाही तर का शिंकला नाही म्हणून उठायची. त्याच्या पाळण्यावर तिनं एक छोटं यंत्र टांगलं होतं. खोली किती तापली आणि हवेत दमटपणा किती आहे, हे ते दाखवायचं. सोसायटीतल्या बायका त्याला घड्याळ समजून वेळ विचारायच्या.

"काय काय लागतं ह्यांना?" तिनं पेटीकडं मान उडवून विचारलं.

"गार हवा लागते. दमटपणा सत्तरच्या आसपास पाहिजे. कमी झाला तर तडकतात, जास्त झाला तर बुरशी येते."

यंत्र त्या क्षणी वीस दाखवत होतं. वैशाखातली बारामती. त्या हवेत कुरडया वाळतात, पापड वाळतात आणि दुपारी गॅलरीत उभं राहिलं तर माणूसही वाळतो. पण ज्या बाईनं सव्वा वर्षाचं पोर अशा उन्हाळ्यातून घामोळं न येता काढलं होतं, तिला पेटीभर चिरूट काय जड? बाळाला काय लागतं? वेळच्या वेळी ओलं-सुकं बघायचं, वारा लागू द्यायचा नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. तिनं पदर खोचला. म्हणजे ओढणी होती, पण खोचली पदरासारखीच.

"द्या इकडं. इंदापूरला मी नेते तुम्हाला," ती म्हणाली.

पहिला मुक्काम गॅलरीत पडला. सार्थकच्या हाताच्या टापूबाहेर, वॉशिंग मशीनच्या वर, पिठाच्या मोठ्या डब्यात. कोथिंबीर आठ दिवस टिकवण्याची राजेश्वरीची पद्धत सोसायटीत नावाजलेली होती, ओल्या फडक्याची. तीच तिनं इथं लावली.

शेजारच्या गॅलरीत बापूसाहेब होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे चेअरमन. खात्यानं त्यांना सोडलं होतं, त्यांनी खात्याला सोडलं नव्हतं. सोसायटीच्या टाकीतलं पाणीही ते टीएमसीत सांगायचा प्रयत्न करत.

"डब्यात ओलावा धरायचाय? मग फडकं चुकीचं," ते कठड्यावरून म्हणाले. "फडकं म्हणजे पाट. एकदम सोडतं, एकदम आटतं. तुम्हाला ठिबक पाहिजे. दुधी भोपळ्याची एक फोड ठेवा आत. अंगचं पाणी हळूहळू सोडते."

शास्त्र पटण्यासारखं होतं. राजेश्वरीनं फोड ठेवली. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर चिरुटांना म्हातारपण आलं होतं: प्रत्येकाच्या अंगावर पांढरी, मऊ लव. मग ती दुपारभर गॅलरीत बसली आणि एकेक चिरूट मांडीवर घेऊन सार्थकच्या धुतलेल्या मलमलच्या लंगोटानं टिपून काढत राहिली. शिकली-सवरलेली, बीकॉम फर्स्ट क्लास बाई. आत पाळण्यात सार्थक रडत होता आणि ती त्याला "आले रे, ह्याचं एवढं आवरते" म्हणत होती. युवराज घरी आला, त्यानं हे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा परत खाली जाऊन दूध घेऊन आला. दूध घरात होतंच.

"गुण आला का फोडीचा?" बापूसाहेबांनी विचारलं. आणि मग, दोन दिवस सल्ला देऊन झाल्यावर, त्यांना एक मूळ प्रश्न सुचला. "पण आहे काय डब्यात?"

राजेश्वरीला खोटं बोलता येत नसे असं नाही. तयारीला वेळ लागायचा. "सिगार," ती म्हणून गेली.

बापूसाहेबांचा चेहरा धरणाचे दरवाजे पडावेत तसा बंद झाला. इमारतीच्या दारात 'तंबाखूमुक्त सोसायटी' असा हिरवा फलक होता आणि त्याला नारळ फोडला होता खुद्द त्यांनी.

"अर्ज करा," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"ते अर्ज आल्यावर ठरेल."

तिनं अर्ज केला. समिती बसली. समितीत बापूसाहेबांखेरीज दोन सभासद होते, पैकी एक पुण्याला राहायचे आणि दुसरे झोपायचे. बापूसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं, "अर्जदार सदर वस्तू ओढणार आहेत काय?"

"नाही."

"खाणार? विकणार?"

"नाही हो."

"मग ठेवता कशाला?"

हा प्रश्न पहिल्या दिवशी नवऱ्याला विचारायचा राहूनच गेला होता. निर्णय झाला: सोसायटीच्या हद्दीत तंबाखू कोणत्याही रूपात राहू शकत नाही, मात्र अर्जदाराच्या भावनांची समितीनं नोंद घेतली आहे. भावनांची नोंद झालेली बाई पेटी पिशवीत घालून घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या कऱ्हाटीला जाऊ."

कऱ्हाटीला तिचं सासर. सासूबाई गोजरबाई आणि सासरे आबासाहेब. ह्या घराण्यानं एके काळी मेंढरं राखली, मग शेती धरली आणि चार वर्षांपूर्वी गोजरबाईंनी सगळ्यांचं न ऐकता तुती लावून रेशमाच्या आळ्या पाळायला घेतल्या. शेड उभी राहिली, कोषाला भाव मिळाला आणि तेव्हापासून घरात सगळे त्यांचं ऐकतात. त्या शेडमध्ये भर वैशाखातही गारवा असायचा. चारी बाजूंना ओल्या गोणपाटाचे पडदे, वरून बारीक फवारा आणि भिंतीवर काटा. राजेश्वरीनं दारातून डोकावून काट्याकडं पाहिलं. बरोब्बर सत्तर! क्युबात लोक काय करत असतील ते असोत, कऱ्हाटीत सोय झाली होती.

दारावर पत्रा ठोकला होता, लाल रंगात लिहिलेला: तंबाखू खाणाऱ्यानं आत येऊ नये.

हा नियम कागदोपत्री सगळ्यांसाठी होता. प्रत्यक्षात गावात तो एकाच माणसासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबा पन्नास वर्षं तंबाखू मळत आले होते आणि रेशमाच्या आळीला तंबाखू म्हणजे विष. नुसत्या हाताच्या वासानं मान टाकते. म्हणून आबांना शेड बंद. राजेश्वरी पिशवी घेऊन त्या पत्र्याखाली उभी राहिली. आता हे खरं की तिनं तो पत्रा वाचला. पण समितीसमोर बसून आल्यापासून तिला नियम वाचायची दृष्टी आली होती. नियम खाणाऱ्याविषयी होता. ठेवणाऱ्याविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. शिवाय पेटी, पेटीवर पिशवी. तिनं पाय पुसले, आत गेली आणि कोपऱ्यातल्या रॅकमागं पेटी सरकवली. हवा लागायला हवी म्हणून झाकण बोटभर उघडं ठेवायला ती विसरली नाही. काळजी घेणारी बाई होती.

"काय बगत हुतीस गं?" गोजरबाईंनी विचारलं.

"आळ्या, आत्याबाई. किती गोड दिसतात."

ह्याआधी तिनं त्यांना कधी गोड म्हटलं नव्हतं. गोजरबाईंचा ऊर भरून आला. येताना त्यांनी सुनेला तूप दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"राजेश्वरे, घात झाला! तुज्या सासऱ्यानं घात केला!"

"काय झालं, आत्याबाई?"

"कोपऱ्यातल्या रॅकवरल्या आळ्या हिरवं ओकाय लागल्यात. माना हालवत्यात नुसत्या, पाल्याला त्वांड लावत न्हायती. म्हातारा आत शिरला हुता! दारात चुन्याची भुकटी पसरल्याली हाय, तीत त्येचं पाऊल उमटलंय. आंगठा वाकडा हाय ना त्येचा, तसाच आंगठा. इचारलं तर म्हणतो, बिरोबाची आण, तंबाकू खाऊन आत गेलो न्हाय. आरं, मग पाऊल काय एकलंच गेलं व्हय?"

"मग आता?"

"आता काय, घातलाय गोठ्यात. हितनं म्होरं तितंच झोपायचं, तितंच जेवायचं. बाकीचं पीक वाचलं तर बिरोबा पावला म्हणायचं."

राजेश्वरीनं सार्थकचा घास तसाच वाटीत सोडला. तिला एकाच वेळी सगळं दिसलं: आळ्या, पत्रा, बोटभर उघडं झाकण आणि गोठ्यात बसलेले आबा. नियमात ठेवणाऱ्याविषयी अवाक्षर नव्हतं, ही गोष्ट आळ्यांना कुणी सांगितली नव्हती.

दुपारच्या आत ती सार्थकला काखेत मारून कऱ्हाटीत पोचली. गोजरबाई तुतीचा पाला तोडायला गेल्या होत्या. राजेश्वरीनं हातपाय धुतले, शेडमध्ये शिरली, कोपऱ्यात वाकली आणि रॅकमागं हात घातला. कोपरा झाडून लख्ख केलेला होता. पेटी नव्हती.

पेटी असण्यापेक्षा हे वाईट होतं. आळ्यांचा गुन्हा होताच. आता साहेबांचाही झाला. इंदापूर, आईचं घर, ती तासाभराची झोप, सगळं त्या पेटीबरोबर गेलं होतं. ती बाहेर आली तेव्हा गोठ्यातून ओळखीचा आवाज आला. तळहातावर अंगठा घासल्याचा, मग टाळी, मग फुंकर.

आबा बाजेवर बसले होते. शेजारी कालवड रवंथ करत होती, वर पंख्याबरोबर बारीक फवारा चालू होता आणि आबांच्या हातावर जे मळलं जात होतं ते नेहमीच्या पुडीतलं दिसत नव्हतं. रंग तपकिरी होता आणि बाजेखाली, ओल्या गोणपाटाआड, ओळखीच्या पेटीचा कोपरा होता.

"आबा!"

आबांनी चिमूट ओठाआड सारली, मग सुनेकडं पाहिलं. पळवाट नव्हती; शेजारी कालवड आणि दारात सून.

"तुजी हाय व्हय ही?" ते म्हणाले. "मला वाटलं द्येवानंच ठिवली."

"तुम्ही शेडमध्ये गेलात कशाला?"

"अगं, भाईरनं जाताना वास आला. पन्नास वर्सांचं नाक हाय. म्हणलं, हितं तंबाकू? हिच्या आळ्या मरतील! त्वांडातली टाकली, चूळ भरली, हात घासलं राखंनं, आत गेलो नि उचलून आणली. तवर त्या कोपऱ्यातल्यांना बाधली हुती. आजून एक रात ऱ्हायली असती तर सगळी शेड गेली असती बग."

"मग आत्याबाईंना सांगायचं ना तसं!"

आबांनी पेटीकडं पाहिलं, तळहाताकडं पाहिलं. "सांगणार हुतो. पर म्हणलं, आदी चव तर बगू."

राजेश्वरीनं पेटी ओढून झाकण उघडलं. निम्मी रिकामी. साहेबांनी सातासमुद्रापलीकडून मागवलेले, मंडळानं डोळे मिटून ज्यात कॉफी आणि मिरी शोधायची, ते चिरूट कऱ्हाटीच्या गोठ्यात सोलून, चुरून, चुना लावून संपले होते.

"कशी आहे?" तिनं विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"ग्वाड हाय जरा. चुन्याला धरत न्हाय." आबांनी तटस्थपणे मत दिलं. "दोन-दोन बार लावावं लागत्यात."

ती कालवडीच्या गव्हाणीवर बसली. सार्थकनं कालवडीचा कान धरला. तिनं त्याचा हात सोडवला, पुसला. रडायचं की हसायचं हे ठरत नव्हतं, तेवढ्यात आबा खाली वाकून म्हणाले, "तू म्हणू नगंस मी खाल्ली. मी म्हणत न्हाय तू ठिवली. बास. मला हितं काय, गार वाटतंय."

करार सोपा होता आणि तिनं तो मान्य केला. उरलेले चिरूट तिथंच राहिले, ओल्या गोणपाटाखाली, फवाऱ्याच्या कडेला. पाळण्यावरचं यंत्र तिनं पुढच्या खेपेला आणून आबांच्या उशाशी टांगलं. एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. काटा लेकरासारखा शहाणा झाला. आबांनी पेटीला हात लावणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळलाही, कारण पेटीला कुलूप लावून किल्ली राजेश्वरी घेऊन गेली होती.

एक गोष्ट तेवढी टोचत राहिली. दर रविवारी ती कऱ्हाटीला जाई तेव्हा गोजरबाई भाकरी थाळ्यात टाकून म्हणायच्या, "दिऊन ये त्या गुन्हेगाराला." आणि राजेश्वरी, खरी गुन्हेगार, थाळा घेऊन जायची. आबा म्हणायचे, "ठ्येचा वाढला न्हाय व्हय आज?" एवढीच त्यांची तक्रार.

साहेब आले ते थेट कऱ्हाटीत. पुण्याहून मोरगावमार्गे बारामतीला येताना त्यांनी युवराजला फोन केला: "पेटी कुठं आहे? गावी? मग तिथंच येतो." विमानतळावर त्यांना घ्यायला अविराज गेला होता आणि आपली पेटी बरोबर नेण्याची हुशारी त्यानं दाखवली होती. त्यानं ती महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवली होती. गाडीतून उतरताना अविराजचा चेहराही फ्रीजरमधूनच काढलेला दिसत होता.

पडवीत बाज टाकली. गोजरबाईंनी चहा आणला. युवराजनं पेटी पुढं ठेवली. त्याला निम्म्याची बातमी आदल्या रात्री कळली होती आणि तेव्हापासून त्यानं फक्त पाणी घेतलं होतं. आबा खांबाला टेकून उभे होते, पाहुण्यांसाठी म्हणून गोठ्यातून एक दिवसाच्या रजेवर.

साहेबांनी झाकण थोडं उचललं, एक सिगार काढला, कानाशी धरून बोटांनी दाबला. करकरला नाही. नाकाखालून नेला. थांबले. परत नेला. डोळे मिटले.

"बार्नयार्ड!" ते पुटपुटले.

"काय झालं?" गोजरबाईंनी सुनेला विचारलं.

"गोठ्याचा वास, काकी!" साहेब डोळे न उघडता म्हणाले.

गोजरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "गोठ्याचा? आण गं इकडं, धुऊन आणते."

"अहो, नको नको!" साहेबांनी सिगार छातीशी धरला. "लोक ह्या वासासाठी जीव टाकतात. जगातल्या उत्तम सिगारलाच तो येतो. माझ्या पेट्यांना आजवर आला नव्हता. युवराज, ठेवले कुठं होते?"

आणि असं म्हणत त्यांनी झाकण पूर्ण उघडलं.

"निम्मे कुठायत?"

युवराजचं तोंड उघडलं. 'उंदीर' म्हणायला उघडलंय हे राजेश्वरीला ओळखू आलं. सार्थक रांगत पेटीकडं निघाला होता. तिनं आधी सार्थकला उचललं, मग पेटीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पण ह्या वेळी तिची नजर तिथं थांबली नाही, आबांवर गेली. आबा आढ्याकडं बघत होते. शब्दाला जागत होते. 'आबांनी खाल्ले' एवढे दोन शब्द आणि सुटका. गुन्हेगार आधीच ठरलेला, शिक्षाही चालू. साहेब म्हाताऱ्यावर रागावून काय करणार? इंदापूर दोन शब्दांवर होतं.

"साहेब, मी पेटी रेशमाच्या शेडमध्ये ठेवली होती," ती म्हणाली.

गोजरबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"तंबाखूनं आळ्या मरतात, हे मला माहीत होतं. तरी ठेवली. कोपऱ्यातल्या आळ्या माझ्यामुळं गेल्या, आत्याबाई. आबांनी बाहेरून वास ओळखला, हात घासून आत गेले आणि पेटी काढून आणली, म्हणून बाकीचं पीक वाचलं. ते पाऊल आळ्या वाचवायला गेलेलं होतं. पुढं पेटी गोठ्यात राहिली." तिनं सार्थकला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि राखणदारानं निम्मे खाल्ले."

"खाल्ले?" साहेब म्हणाले.

"मळून. चुना लावून."

अविराजच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा ऊब आली. गोजरबाई सुनेकडं बघत होत्या, मग नवऱ्याकडं. "आन् मी ह्या माणसाला वैशाखभर गोठ्यात घातला," त्या सावकाश म्हणाल्या. "त्वांड न्हवतं व्हय तुमास्नी?"

"हुतं की," आबा म्हणाले. "भरल्यालं हुतं."

साहेबांनी हातातल्या सिगारकडं पाहिलं. मग त्यांनी तो मधोमध मोडला. युवराजनं डोळे मिटले.

"आबा," साहेब म्हणाले, "चुना आहे?"

आबांनी कनवटीची डबी काढली. दोघं बाजेवर शेजारी बसले. साहेबांचा अंगठा सुरुवातीला अडखळला, मग लागला. लहानपणी वडिलांना मळून द्यायचो, ते म्हणाले. टाळी, फुंकर, चिमूट. सगळी पडवी त्यांच्या गालाकडं बघत राहिली.

"गोड आहे जरा," साहेबांनी निकाल दिला.

"चुन्याला धरत न्हाय," आबांनी अनुमोदन दिलं.

मग साहेब उठले, अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून आले आणि धंद्याच्या आवाजात बोलले. "अविराज, तू पेटी भरून आणलीस आणि तिच्यात जिवंत सिगार एक नाही. ह्यांच्याकडं निम्मे आहेत, पण जिवंत आहेत. शाखा म्हटलं की थोडंफार इकडंतिकडं जाणारच. कुणी खाल्लं ते विचारल्याबरोबर खरं कळलं म्हणजे झालं. युवराज, इंदापूर तू बघ." ते गाडीत बसता बसता थांबले. "पेटी मात्र इथंच राहू दे. आबांच्या गोठ्यात. माझ्या आणखी दोन आहेत, त्या पाठवतो."

"राखणीचं काय?" आबांनी विचारलं.

"निम्मे," साहेब म्हणाले. गोजरबाईंनी आबांकडं पाहिलं. "बरं, पावच," आबा म्हणाले.

सुनेचा निकाल गोजरबाईंनी गाडी गेल्यावर दिला. त्यांनी लाल रंगाची डबी आणली, ब्रश राजेश्वरीच्या हातात दिला आणि तिच्याकडूनच पत्र्यावर पुढं लिहून घेतलं: 'ठेवणाऱ्यानंही.' अक्षर छान आलं. आबा रात्री घरात झोपायला आले, पण उकडतंय म्हणून पहाटे पुन्हा गोठ्यात गेले.

इंदापूरला सामान लागलं त्या दिवशी राजेश्वरीनं सगळ्यात आधी सार्थकचा पाळणा बांधला आणि त्यावर ते यंत्र टांगलं. कऱ्हाटीहून परत आणलं होतं. त्याला अजून कालवडीचा वास येत होता. आई दुसऱ्या गल्लीतून डबा घेऊन आली. तिनं पाळण्यातल्या नातवाकडं पाहिलं, मग त्या यंत्राकडं.

"हे काय गं?"

"हवा बघायला, आई. आत्ता तीस दाखवतंय. जरा कमीच आहे. मी म्हणते एखादं ओलं फडकं..."

आईनं डबा ठेवला, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला लावल्या. पडदा फुगला. सार्थकनं वाऱ्याकडं तोंड करून हात झाडले.

"ही हवा. बघून झाली असली तर जेव आणि झोप," आई म्हणाली. "ह्याला मी घेते."